घरातली दुसरी व्यक्ती

२ फेब्रुवारी

रोजनिशी लिहिणाऱ्या माणसाला एक तर फार काम असतं किंवा अजिबात नसतं. माझं यातलं कुठलं, हे वहीला सांगायला नको. छापील आवृत्ती बंद झाल्यापासून मी आमच्याच वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर स्तंभ लिहितो, आणि जितके लोक वाचतील त्या मानाने मानधन मिळतं. पाठशाळेत असताना गुरुजींच्या छडीला भ्यायलो, नंतर संपादकांच्या लाल पेन्सिलीला. आता एका आकड्याला भितो. प्रगती म्हणायची ती हीच.

आज लिहायला बसलो त्याला मात्र कारण घडलं. ताईच्या भत्त्याला हरकत लागली.

खात्याचा संदेश माझ्या फोनवर आला, कारण ताईच्या नावापुढे नंबर माझा आहे. तिला ते सहा आकडे आत टाकण्याचं झेंगट जमत नाही, म्हणून मीच तशी व्यवस्था केली होती. संदेश असा: 'आपल्या घरात दोन व्यक्ती राहत असल्याचे आढळून आले आहे. एकल भत्ता बंद का करू नये, याचा खुलासा महिनाअखेरीपर्यंत करावा.'

एकल भत्ता म्हणजे एकट्या राहणाऱ्या, उत्पन्न नसलेल्या वडीलधाऱ्यांना मिळतो तो. ताई माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. मेव्हणे गेले त्याला बराच काळ झाला. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. एक्स्चेंज स्वयंचलित झालं आणि कायम न झालेल्या बायकांना निरोपाचा चहा मिळाला, निवृत्तिवेतन नाही. या भत्त्यातून घरभाडं भागतं. तो थांबला तर घराला कुलूप लावून तिला लेकाकडे जावं लागेल. लेक लांबच्या शहरात, गडगंज. त्याच्या घरात दिव्यांशी बोललं की ते लागतात. ताई तिथे एकदा राहून आली आणि म्हणाली, "दिव्यांशीच बोलावं लागतं रे, दुसरं कोणी नसतंच."

दोन व्यक्ती ही बातमी खात्याला कुणी दिली, तर दाराजवळच्या राखाडी डबीने. गेल्या वर्षी खात्याने ती बसवली. इंटरनेट मोफत देते आणि त्या बदल्यात घरात किती माणसं वावरतात ते मोजते. घेण्या-देण्याचा असा सौदा पूर्वी फक्त चुगलखोर शेजारणींशी होत असे.

ताईला संदेश वाचून दाखवला.

"दोन म्हणतात का?" ती म्हणाली. "मग असतील."

"असतील म्हणजे काय? तू एकटी राहतेस."

"बरं."

आणि चहा टाकायला उठली. यंत्राचा विषय निघाला की तिचं असं होतं. तिला त्यातलं कळत नाही.

५ फेब्रुवारी

'फुकटाचा उपसर्ग' हा माझा स्तंभ सकाळी लागला. आजवर माझं एवढं कुणी वाचलेलं नाही. सरकारी अनुदानांवर पोसलेल्या समाजाच्या पाठीचा कणा कसा मऊ होतो, असा विषय. आयतं ताट पुढे आलं की हात धुण्यापलीकडे माणूस काही करेनासा होतो, हे वाक्य लोकांनी एकमेकांना पाठवलं. मलाही आवडलं होतं.

ताईचं अर्थात वेगळं. तिची खरी गरज आहे. प्रत्येक घरात एक 'आमच्यांचं वेगळं' असतंच, आणि ते खरंही असतं. त्यामुळे या विषयावर लिहिणं सोपं आणि विचार करणं अवघड जातं.

जेवताना तिला थोडं वाचून दाखवलं. "छान लिहिलंयस, पंडित," ती म्हणाली. घरात मला पंडितच म्हणतात. पाठशाळेत घातल्याचा हा कायमचा दंड. "भाजीत मीठ बरोबर आहे ना?"

मी बरोबर आहे म्हटलं. ताट उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे." तिच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने लुडबुडलेलं तिला खपत नाही, हे मला फार पूर्वीच उमगलं आहे.

८ फेब्रुवारी

तपासाला हात घातला. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने एका डबीपुढे हार मानावी हे बरं नव्हे. डोंगरावर धूर दिसतो, सबब तिथे अग्नी आहे. डबीला दुसरा माणूस दिसतो, सबब दुसरा माणूस आहे. प्रश्न एवढाच, की कोण?

मोलकरीण बाई येतात आणि भांडी आपटून जातात. त्यांना व्यक्ती म्हणावं तर वादळालाही म्हणावं लागेल. दूधवाला दारातूनच परततो. उरला खालच्या मजल्यावरचा शिंपी. त्याचं दुकान नेमकं ताईच्या खोलीखाली. ताईचं इंटरनेट हा गृहस्थ गुपचूप वापरत असणार आणि डबी त्यालाच वरचा रहिवासी समजत असणार.

खाली गेलो. मास्टर काज करत होते.

"मास्टर, तुम्ही फोनवर काही बघता वगैरे का? गाणी, सिनेमे?"

त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून मशीनवर ठेवला. एका बटणावरचा आकडा झिजून गेला होता. "यात नुसतं बोलता येतं, साहेब. तेही समोरचा ओरडला तर."

"मग वर कोणी येतं-जातं का, ताईंकडे?"

"वर?" त्यांनी दोरा दाताने तोडला. "वर दोघांचेच तर आवाज येतात."

म्हणजे हा माणूस कान लावून बसतो. माझा संशय फिटला नाही, उलट बळावला. संध्याकाळी ताईच्या इंटरनेटचा परवलीचा शब्द बदलून टाकला. लगेच माझाच फोन बंद पडला, लॅपटॉपही. दोन्हींत नवा शब्द घातला तेव्हा काम पुढे चालू झालं. शब्द ताईला सांगितला. ती म्हणाली, "मला कशाला? मी कधी लावते ते?"

१३ फेब्रुवारी

भाच्याचा व्हिडिओ कॉल. तो मागे काच आणि काचेमागे आकाश अशा खोलीत बसलेला असतो. माणसाकडे पैसा किती आहे ते हल्ली त्याच्या मागे किती आकाश दिसतं त्यावरून ओळखावं.

"मामा, तुम्ही दोघं त्या भत्त्यासाठी इतका जीव का काढताय? आईला पाठवून द्या ना इकडे. तिला काय कमी आहे इथे?"

"कमी काही नाही रे," ताई बाजूने म्हणाली. "जास्तच आहे."

"आई, पण तू तिथे एकटी."

फोन माझ्या हातात होता आणि मी तिच्याच घरातल्या, खिडकीपाशी पाठीच्या आकाराचा खळगा पडलेल्या खुर्चीत बसलो होतो. भाच्याला सांगितलं, आईची काळजी करू नकोस, मी अधूनमधून चक्कर टाकत असतो.

ताई खोकली. तिला थंडीचा त्रास होतो.

१६ फेब्रुवारी

परवलीचा शब्द बदलूनही डबीचं मत बदललं नाही. 'व्यक्ती: २'. माझ्या फोनवर तो आकडा रोज दिसतो आणि डोळ्यांत खुपतो. आज दिवसभर जागेवर बसवेना. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. ताई म्हणाली, "फरशी झिजेल, भाडं वाढवतील."

खुलासा लिहून पाठवला. भाषा जरा चढली, पण खात्यालाही कधी तरी चांगला गद्य उतारा वाचायला मिळावा. पाठशाळेत सांगत ती गोष्ट त्यात घातली. दहा जण नदी ओलांडतात आणि पलीकडे गेल्यावर प्रत्येक जण मोजतो. आकडा नऊच येतो, कारण मोजणारा स्वतःला धरत नाही. मग दहावा बुडाला म्हणून सगळे गळा काढतात. मी लिहिलं, 'त्या मूर्खांनी निदान एक कमी मोजला. आपले यंत्र एक जास्त मोजते, ही एकविसाव्या शतकाची भर होय.'

ताईला वाचून दाखवलं. तिने चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"गोष्ट चांगली आहे," ती म्हणाली. "पण पाठवलीच पाहिजे का? असू दे की. बंद करतात तर करू देत."

"आणि मग तू दिव्यांशी बोलत बसणार?"

"एक्स्चेंजमध्ये असताना," ती म्हणाली, "लाइनीवर कोण आलंय ते नुसत्या श्वासावरून कळायचं मला. नाव सांगायच्या आत." वयपरत्वे विषय सुटतो तिचा कधी कधी. मी खुलासा पाठवला.

१८ फेब्रुवारी

संपादिकेचा फोन. माझ्या भाच्याच्या वयाची आहे, आवाज गोड आणि वाक्यं चौकोनी. "सर, 'फुकट'वर दुसरा भाग हवाय. लोकांना तो राग आवडतोय."

मी म्हटलं, दुसरा भाग आहे की. आमच्या मालकांना सरकारने गावाबाहेरची जमीन जवळजवळ आंदण दिली, वर वीजबिलात सवलत. गरिबाला मिळतं ते फुकट आणि मालकांना मिळतं ते प्रोत्साहन, असा लेख तयारच आहे.

"सर, तो अँगल जरा जड होतो."

"जमीन आहे, जड असायचीच."

हसली बिचारी. लेख घेणार नाही. तिला तरी काय बोल लावायचा. तिच्याही डोक्यावर एक आकडा टांगलेला असणार. पूर्वी मालकाची मर्जी निदान मालकाच्या चेहऱ्यावर दिसायची.

दुसरा भाग लिहायला घेतला आणि तीनदा खोडला. आयत्या ताटाचं ते वाक्य यावेळी कुठे बसेना.

२१ फेब्रुवारी

खात्याचं उत्तर आलं. गद्याबद्दल अवाक्षर नाही. 'दि. २६ रोजी तपासनीस घरभेट देतील. लाभधारकाने स्वतः उपस्थित राहावे.'

ही सोन्यासारखी संधी. यंत्राला नसले तरी माणसाला डोळे असतात. पण तपासनिसांचा उगाच गैरसमज व्हायला नको, म्हणून ताईच्या घरात माझ्या काही वस्तू पडल्या आहेत त्या तेवढ्या हलवाव्यात असं ठरवलं. माझी खोली इथून फार लांब नाही. ती मी मुद्दाम सोडलेली नाही. भाडं भरतो, कुलूप माझं आहे, पत्ता माझा आहे. बहिणीच्या घरी भावाने पथारी टाकावी हे लोकांत बरं दिसत नाही. येणं-जाणं वेगळं.

वस्तू म्हणजे काय, चपला असतील आणि एखादं पुस्तक.

२४ फेब्रुवारी

चपलांचे तीन जोड. दाढीचं सामान. कोश आणि त्याचे दोन भाऊबंद. उशाशी लागते ती छोटी उशी. गुडघ्याचं मलम, लॅपटॉपची वायर, दोन टॉवेल, कानटोपी, मोजे, रक्तदाब मोजायचं यंत्र, वर्षभरापूर्वी हरवला म्हणून मी नवा घेतला तो जुना चष्मा. तीन पिशव्या भरल्या तरी दाराआडच्या खुंटीवर माझा कोट लटकतच होता.

ताई मदत करत नव्हती. पलंगावर बसून बघत होती.

"मलम ठेव इथे," ती म्हणाली. "तिकडे चोळणार कोण?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"खुर्चीचं काय करणार? खळग्यात उशी घालू?"

मी हसलो. ती हसत नव्हती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

२५ फेब्रुवारी

पिशव्या घेऊन खोलीवर आलो. फाटकाशी चौकीदार उभा. नवा नसावा, पण मी त्याला आणि त्याने मला पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"कोणाकडे जायचंय?"

मी खोली सांगितली.

"ते वार्ताहर? ते इथे राहत नाहीत, काका. बहिणीकडे असतात. कुरिअरवाले आले की मी त्यांना तिकडेच पाठवतो." मग पिशव्यांकडे पाहून, "सामान द्यायचं असेल तर तिकडेच न्या. इथे घ्यायला कोणी नाही."

मीच तो वार्ताहर, असं मी म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण त्या क्षणी दहा जणांची ती नदी डोळ्यांपुढे आली आणि पाठशाळेतले सगळे गुरुजी पलीकडच्या काठावर ओळीने उभे राहून माझ्याकडे बोट दाखवताहेत असं वाटलं.

किल्ली काढून दाखवली तेव्हा त्याने सोडलं. नळाला आधी नुसती खरखर, मग तांबडं पाणी. भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. गादीवर बसलो तर धूळ उठली आणि माझ्यावरच बसली.

फोनवर पाहिलं. 'व्यक्ती: १'.

पंधरा-वीस दिवस मी ज्याला शोधत होतो तो सापडला. मास्टरांना आधीच माहीत होता, चौकीदाराला होता, कुरिअरवाल्यांना होता.

२६ फेब्रुवारी, सकाळ

नऊ वाजून गेले, चहा नाही. भांडं आहे, चहा पावडर नाही. पोटात कावळे ओरडतात आणि डोक्यात नैयायिक.

एक तोड सुचली. डबी लाभधारक एक धरूनच चालते. त्यापुढचा माणूस तिला दिसत नाही, फोन दिसतो. फोन इथे खोलीवर ठेवायचा आणि मी तेवढं ताईकडे जायचं. आकडा एक राहील, भत्ता राहील, ताई तिच्या घरात राहील. कुणाचं नुकसान नाही. बऱ्याच थोर संपत्तीची मुळं अशाच एखाद्या वाक्यात सापडतील.

ताईला फोन केला. तपासनीस यायचे होते, म्हणून थोडक्यात सांगितलं. एकटी राहते म्हण, आज ते खरंही आहे, आणि पुढचं मी बघतो. फोन घरी ठेवून येत जाईन.

"चोरासारखा येणार जेवायला?"

"युक्ती म्हण."

"फोन न घेता आलास तर उशीर झाला हे मला कळणार कसं?" ती म्हणाली आणि ठेवून दिला.

२६ फेब्रुवारी, दुपार

ताईचा फोन आला. तपासनीस बाई येऊन गेल्या.

"कशा होत्या?"

"चांगल्या होत्या. दमल्या होत्या. पाणी मागितलं. सगळीकडे बघितलं. खुर्चीकडे जरा जास्त बघितलं."

"मग? विचारलं काय?"

"विचारलं, तुम्ही एकट्या राहता ना? कागदावर खूण करायला पेन टेकवलंच होतं त्यांनी."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो. कालपासून."

पलीकडून तिचा श्वास येत होता. मला मात्र त्यावरून काही ओळखता आलं नाही.

"ताई, अगं, नुसतं 'हो' म्हणायचं होतं."

"म्हटलं की 'हो'."

"पुढचं कशाला?"

"त्यांनीही तेच विचारलं. 'आजी, हे मी लिहू का?' म्हटलं, लिहा. मागचं वसूल करणार नाहीत म्हणाल्या. पुढचं थांबेल." मग, "मलम तिथेच राहिलं ना तुझ्याबरोबर? गुडघा कसा आहे?"

२७ फेब्रुवारी

खोलीमालकाला सोडतो म्हणून कळवलं. ते म्हणाले, "राहत होतात का?" हा प्रश्न त्यांनी भाबडेपणानेच विचारला असावा.

ताईला म्हटलं, या खोलीचं भाडं तुझ्या घराच्या भाड्यात जाईल. अगदी पुरणार नाही, पण दुसरा भाग नाही तरी काही तरी लिहीनच. तिने उपकार मानले नाहीत, नकोही म्हटलं नाही. "कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे आहेत," म्हणाली. केव्हापासून रिकामे, ते विचारायचं राहून गेलं.

चौकीदाराने पिशव्या रिक्षापर्यंत आणून दिल्या. "सांगितलं होतं ना काका," म्हणाला.

संपादिकेला 'फुकट'चा दुसरा भाग जमणार नाही असं कळवलं. विषयाचा अभ्यास वाढला आहे, असं कारण दिलं.

२८ फेब्रुवारी

खात्याचा शेवटचा संदेश. 'घरातील व्यक्ती: २. हा निष्कर्ष आपणास मान्य आहे काय?' खाली मान्य, अमान्य. मग ते सहा आकडे, नेहमीप्रमाणे माझ्याच फोनवर.

"तू दाब," मी ताईला म्हटलं. "घर तुझं आहे."

तिने फोन घेतला. मला वाटलं होतं, आता आकडे कुठे टाकायचे ते दाखवावं लागेल. तिने ते न बघता, एखादी जुनी लाइन जोडावी तसे झटझट टाकले, 'मान्य' दाबलं आणि फोन परत दिला. डबीवरचा दिवा मिणमिणला आणि होता तसा झाला.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. ऊठ आता. जेवायची वेळ झाली, ताटं घे."

मी उठलो. स्वयंपाकघराच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. वर एक फडताळ, खाली दोन, ओट्याशेजारी जाळीचं एक. एक उघडलं, त्यात डबे होते. दुसऱ्यात पिशव्या, घडी घालून ठेवलेल्या.

"ताई, ताटं कुठे असतात?"

ती पाठमोरी होती. वळलीसुद्धा नाही.

"त्या डबीला विचार," म्हणाली.